उसने ओठ

"माझ्या गाण्यावर दुसरीचं तोंड? शोभतं का तुम्हाला हे?" गायिकाबाईंनी दिग्दर्शकाला सगळ्यांदेखत विचारलं.

"बाई, आता गाणं नुसतं ऐकायचं नसतं, बघायचंही असतं," तो म्हणाला. "हॉटेलांत नवीन यंत्रं आलीत. नाणं टाकलं की काचेवर गाणारी दिसते. लोकांना तरुण चेहरा लागतो."

"म्हणजे माझा गळा चालतो, थोबाड चालत नाही!"

त्याने विषय बदलला. पण बाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांचा बेत ठरलेला होता. तबकडीवरचं गाणं मोठ्या कर्ण्यातून वाजायचं. ऐन चित्रीकरणात त्या कर्ण्याचा खटका पाडायचा. आवाज बंद झाला की नुसते ओठ हलवणाऱ्या त्या पोरीची भंबेरी उडणार. मग आपण उजेडात जाऊन खड्या आवाजात गायचं. गाणं कुणाचं आहे ते एकदा कळू दे सगळ्यांना!

पोरगी देखणी होती, पण भारी शिष्ट. मघाशी बाईंनी मागून दोनदा हाक मारली, तर वळूनही पाहिलं नाही. तिच्या वतीने बोलायची ती तिची थोरली बहीण. दिग्दर्शकाची सूचनासुद्धा बहीणच तिच्यासमोर उभी राहून, तिचे केस सारखे करत, पुन्हा सांगायची. महाराणीच जशी!

त्यात बहिणीची एक अट. "बाईंनी कॅमेऱ्याशेजारी उभं राहून गाण्यासोबत नुसते ओठ हलवायचे. तिला तेवढाच धीर येतो."

जखमेवर मीठ चोळणं म्हणतात ते हेच. तरी बाई लगेच हो म्हणाल्या, कारण खटका तिथेच होता.

दिवे लागले. गाणं सुरू झालं. पोरगी बाईंवर नजर रोखून ओठ हलवू लागली. एक अक्षर चुकेना. बाईंचा नुसता संताप संताप झाला. कडवं अर्ध्यावर आलं आणि त्यांनी खटका पाडला.

कर्णा एकदम गप्प झाला.

"कुणी बंद केलं?" मागून दिग्दर्शक ओरडला.

पोरगी मात्र ओठ हलवतच राहिली. तीच ओळ, तसंच हसू.

ही अडखळत कशी नाही? बाई चक्रावल्या. मग सवयीने आपलेही ओठ अजून हलतायत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते घट्ट मिटून घेतले.

पोरीचे ओठ तिथल्या तिथे थांबले. ती बाईंच्या तोंडाकडे घाबरून बघत राहिली.

बहीण धावत आली, बाईंचा हात धरून कुजबुजली, "ओठ मिटू नका हो, बाई. तिला जन्मापासून ऐकू येत नाही."