चौकोनी ढग

"अक्का, बोचकं बांध," चंद्रप्पा म्हणाला. "सा वर्सं लय झाली. घरी चल. आमी तुजं दुसरं लगीन लावून देतो."

चन्नबसम्मानं बोचकं बांधलं नाही. कोनाड्यातले सहा फोटो काढून भावापुढे मांडले.

तिचा नवरा शिवरुद्र लग्नानंतर चारच महिन्यांनी पिंगळी सोडून गेला, तो थेट सिलोनला. सुटीवर आलेल्या साहेबलोकांना बेट हिंडवून दाखवायचं काम मिळालं म्हणे. पत्रांतून तीही सगळं हिंडली होती. डोंगरावरून कोसळणारा धबधबा, दालचिनीचं रान, वाळूत अंडी घालून निघून जाणारी कासवं. प्रत्येक फोटोत मागे समुद्र, बाजूला वाकडं नारळाचं झाड आणि पुढे ऐटीत उभे नवरोजी.

"आन् हे बघ, तिथं ढगबी चौकोनी ऱ्हातेत," ती म्हणाली. सहाही फोटोंत तो ढग होता.

कौतुक खरं होतं, तसा रागही खरा होता. नवरा साहेबांना मुलूख दाखवत फिरणार आणि हिनं सहा वर्षांत पिंगळीची वेससुद्धा ओलांडायची नाही! परभणी एका स्टेशनावर. परदेशाचं टपाल तिथंच येतं म्हणून सासू शांतम्मा दर दिवाळीला स्वतः जाऊन पत्र आणि फोटो घेऊन यायची. सून "मीबी येते" म्हणाली की तिच्या कपाळाला आठ्या पडत.

"नवरा परमुलखात हाय. बाईनं भटकू न्हाई," एवढंच उत्तर.

जिवंत नवरा असताना दुसरं लग्न कसं करायचं? आणि येत नाही त्याची वाट तरी किती बघायची? चन्नबसम्माचा जीव त्या घरात गुदमरून गेला होता.

"एवढं एक कर," ती भावाला म्हणाली. "आत्याबाई बोरीला लग्नाला गेल्यात. तवर मला परभणीला ने. माजा फोटू काढू. त्याच्या मागं लिहून धाडते, की या, न्हाईतर मला मोकळी करा."

दोघं दुपारच्या गाडीनं निघाली. फोटोवाले व्यंकटराव बोलघेवडे होते. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, पदर सारखा करायला सांगितला.

"मागं पडदा कोन्ता सोडू? बाग का समिंदर?"

"समिंदर," ती लाजून म्हणाली. त्याच्या फोटोशेजारी आपला शोभायला हवा.

व्यंकटरावांनी दोरी सोडली. आधी आभाळ उलगडलं, आभाळात चौकोनी ठिगळ. मग वाकडं नारळाचं झाड. मग समुद्र.

"उंदरानं कुरतडला होता, म्हणून ठिगळ लावलं," व्यंकटराव म्हणाले. "पर लोकायला लय आवडतो. मागल्या गल्लीतले शिवरुद्रप्पा तर दर दिवाळीला ह्याच्याच पुढं काढतेत. आदी एकट्याचा, त्यो त्यांची आई घिऊन जाती. मंग बायकू-लेकरांसंगट."