शंभर शब्दांतली खिडकी

"हे वाक्य कुणाचंही असू शकतं," असं म्हणून बाईंनी ते खोडून टाकलं.

झिपरीचं तोंड एवढंसं झालं. सकाळपासून डोकं खाजवून लिहिलेल्या उत्तरातलं ते तिचं सगळ्यात लाडकं वाक्य होतं. विद्यापीठाच्या प्रवेशअर्जातला प्रश्न तसा साधाच होता: तुम्हाला जवळची वाटणारी एक जागा, शंभर शब्दांत. तिचे मार्क बऱ्यापैकी होते, पण बऱ्यापैकी मार्कांची मुलं पैशाला पासरी मिळतात. निवड होणार ती या उत्तरावर आणि नंतरच्या मुलाखतीवर. ती हुकली तर बाबांच्या ओळखीच्या गोदामात पावत्या फाडत बसायचं, हे ठरलेलं होतं.

"केस बांध आधी," बाई म्हणाल्या. "डोळ्यांवर येतात, म्हणून शब्द दिसत नाहीत तुला."

झिपरी हे नाव बाईंनी तिला पहिल्याच दिवशी ठेवलं होतं. मुलांनीही बाईंचं नाव कात्रीबाई ठेवलं होतं, त्यामुळे फिटंफाट होती.

"मग ती रिबीन द्या," झिपरीनं खिडकीकडे बोट दाखवलं.

टेबलाशेजारच्या त्या खिडकीची कडी केव्हाच तुटली होती. तिची दोन्ही दारं एका जुन्या, विटक्या रिबिनीनं बांधून ठेवलेली असत.

"तिला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तरी झिपरीनं बोट मागे घेतलं.

कात्रीबाई निवृत्त शिक्षिका होत्या आणि फक्त या एकाच विद्यापीठासाठी अर्ज करणाऱ्या मुलांना मदत करायच्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, मला तेवढंच जमतं. त्यांची रीत ठरलेली होती. आधी तोंडी सांगायचं, मग लिहायचं, मग खोडायचं. खोडून खोडून हाती काहीच उरलं नाही की बाई म्हणत, "या खोलीतलं काहीतरी घाल. समोर दिसतंय ते. ती खिडकी घाल हवं तर." मुलाखत देऊन आलेल्या मुलांना निवड झाली का, हे त्या कधीच विचारत नसत. "काय काय विचारलं?" एवढंच विचारत. पुढच्या मुलांची तयारी करून घ्यायला प्रश्न गोळा करत असतील, असं सगळे धरून चालायचे.

झिपरी वेळेआधी यायची आणि काम संपल्यावरही रेंगाळायची. आई नव्हती, बाबा ट्रक घेऊन सदा लांबच्या फेरीवर. घरी ती आणि चार भिंती. बाईही तिला कधी ऊठ म्हणत नसत. दोघींना एकमेकींची सोबत होती, पण तसं बोलून दाखवायची दोघींनाही लाज वाटायची.

भिंतीवर शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीचा फोटो होता. दोन वेण्या, पण रिबीन एकीलाच.

"लेक का, बाई?"

"हो."

"कुठे असतात?"

"लांब."

"येतात का कधी?"

"शब्द मोज," बाई म्हणाल्या.

झिपरीनं मोजले. मग मनात सलत होतं ते तिनं बोलूनच टाकलं. "बाई, गेल्या वर्षीच्या त्या चष्मेवाल्यानं खिडकीच घातली होती. त्याच्या आधीच्या ताईनंही. तिकडे वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं, तर नक्कल म्हणून बाद करतील मला."

बाईंनी खिडकीवरची रिबीन उगाचच घट्ट केली.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "काढून टाक. माझ्यापायी तुझं नुकसान नको."

झिपरीला उगाचच आपण त्यांच्या हातातलं काही हिसकावून घेतल्यासारखं वाटलं.

घरी गेल्यावर तिनं खिडकीशिवाय लिहून पाहिलं. स्वतःची खोली लिहिली, गच्ची लिहिली, बाबांचा ट्रक लिहिला. बाईंची कात्री आता तिच्याच डोक्यात चालत होती, त्यामुळे सगळं खोडलं गेलं. शेवटी ती वैतागली आणि खरं होतं तेच लिहून मोकळी झाली. मला जवळची वाटणारी जागा माझी नाही. तिथल्या खिडकीची कडी तुटली आहे आणि एक म्हातारी बाई रोज ती रिबिनीनं बांधते. सुताराचं किरकोळ काम आहे, पण ती करून घेत नाही. ती कुणाची तरी वाट बघत असावी. माझी वाट बघणारं घरी कुणी नाही, म्हणून मी तिच्याजवळ जाऊन बसते.

बाईंना न दाखवताच तिनं अर्ज पाठवून दिला.

मुलाखत कॉम्प्युटरवर झाली. ती संपताच झिपरी तडक बाईंकडे आली. चेहरा पांढराफटक पडला होता, केस सुटलेले होते. बाईंनी आज केसांवरून काही म्हटलं नाही.

"काय काय विचारलं?"

"तिघं होते. पहिल्या दोघांनी मार्कांचं विचारलं, विषयांचं विचारलं. मी नीट बोलले. ते दोघं बाहेर पडले आणि तिसऱ्या मॅडम तेवढ्या राहिल्या. तोवर गप्पच होत्या. त्यांनी माझं उत्तर हातात घेतलं आणि म्हणाल्या, 'ही खिडकी माझ्याकडे दर वर्षी येते.'"

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली.

"मी घातली होती खिडकी, बाई. तुम्हाला सांगितलं नाही. मी लगेच म्हटलं, मॅडम, नक्कल नाहीये, मी खरंच बसते तिथे."

"मग?"

"त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. संपलं आपलं, असं वाटून मी कॉल बंद करणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं..." झिपरी अडखळली. तिची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली.

"काय विचारलं?"

"'आई अजून त्याच रिबिनीनं बांधते का गं खिडकी?'"