गोल गुण्या

सुतारखान्यात नवा माणूस आला की मिस्त्री त्याला पिटाळायचा, "पळ, दुकानातून गोल गुण्या घेऊन ये!" गुण्या काटकोन तपासायला असतो, तो गोल कुठून यायचा! तुरुंगातून रोज दिवसभरासाठी कामाला येणाऱ्या कैद्यालाही त्यानं तसंच पाठवलं. कैद्याला सुतारखान्याच्या फाटकाबाहेर पडायची बंदी होती, हे पोट धरून हसताना मिस्त्री विसरला. संध्याकाळी शिपाई न्यायला आला, तर कैदी गायब. तासाभरानं तो धापा टाकत परतला. "मिस्त्री, सगळी दुकानं पालथी घातली. उद्या नक्की आणतो." "उद्यापासून कोठडीतच बस!" शिपाई गरजला. "पळायला बघत होतास?" मिस्त्रीची मान वर होईना. कसाबसा पुटपुटला, "मीच पाठवलं साहेब, चेष्टा म्हणून. गोल गुण्या नसतोच." कैदी घाईनं पुढे आला. "साहेब, मिस्त्री मला वाचवायला खोटं बोलतायत. गोल गुण्या असतो, मीच कमी फिरलो."