तिच्याच आवाजात

"विहिरीचं पाणी पिऊ नका, कारखान्याचं रसायन झिरपलंय," असं सुनेत्रा घरत सकाळपासून चौथ्यांदा माइकवर सांगत होती, तेवढ्यात गावातल्या गोदामावशींचा फोन आला.

"बरं झालं गं, पाणी चांगलं आहे म्हणालीस. आत्ताच दोन कळश्या भरल्या."

सुनेत्राच्या लक्षात आलं: नव्या कायद्यानं तिच्या छोट्या रेडिओ केंद्रात बसवलेलं यंत्र सरकारला नको ती वाक्यं बदलून, तिच्याच आवाजात पुढे पाठवत होतं. हेडफोनमध्ये मात्र तिला स्वतःचंच बोलणं ऐकू येत होतं.

"मावशी, ओतून द्या! मी असं बोललेच नाही."

"तुझा आवाज मी ओळखत नाही होय?"

सुनेत्रा येरझारा घालू लागली. पाचशे घरांत कुणाकुणाला फोन करणार? प्रक्षेपण थांबवलं, तर परवाना जाणार होता. अकरा वर्षं चालवलेलं केंद्र! अखेर तिनं प्रक्षेपणाची वायर उपटली.

दहा मिनिटांत दारात माणसं जमली. "ताई, रेडिओ का बंद पडला?"

तिनं पायरीवर उभं राहून सगळं सांगितलं. माणसं भरलेलं पाणी ओतायला घराकडे धावत सुटली. ती तिथेच थांबली, आता यंत्र मध्ये नसतानाही कुणी काही भलतंच तर ऐकलं नाही ना, या धास्तीनं.