दुमजली विमान

"पुन्हा तुटलं?" जया लाटणं हातात घेऊनच हॉलमध्ये आली.

टेबलावर ते दुमजली पंखांचं जुन्या काळातलं विमान एका अंगावर कलंडलं होतं. वरचा पंख खालच्याला जोडणाऱ्या काड्यांपैकी एक मधोमध मोडलेली. गेल्या आठवड्यात चाक गेलं होतं, त्याच्या आधी शेपूट.

"तुटलं," तिचा नवरा तेजराम म्हणाला. "जाऊ दे. गोंद लावतो."

जाऊ दे! जयाच्या अंगाचा तिळपापड झाला. हाच माणूस भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला होता तेव्हा चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घ्यायचा. याच जिभेने दोन वर्षांपूर्वी पोटच्या पोराला घराबाहेर काढलं होतं. पीयूषने प्लांटची परीक्षा द्यायला नकार दिला, हैदराबादला जाऊन मोबाइलचे गेम बनवतो म्हणाला, तर याचं उत्तर काय? "मंग मले तोंड दाखवू नको." पोरगाही बापाचाच. त्याने खरंच दाखवलं नाही. आईला फोन करायचा, पण पहिलं वाक्य ठरलेलं, "बाबाले देऊ नको." मधल्या मधे जया दोघांवर जळत राहायची. आणि आता रिटायर झाल्यावर या वाघाची शेळी झाली होती, तीही नेमकी ओरडायला पाहिजे तिथे.

तेजरामने मोडक्या विमानाचा फोटो काढला आणि 'भिलाई मॉडेलवाले' ग्रुपवर टाकला. ग्रुप पीयूषनेच कॉलेजात असताना काढलेला. तेव्हा बापलेक मिळून किट जोडत बसायचे. पोराने घर सोडलं, ग्रुप मात्र सोडला नव्हता.

मोबाइल टणटण वाजायला लागला. तेजराम एकेक वाचून दाखवू लागला. चरोद्याच्या भय्याजींनी आपलंही रडगाणं लावलं होतं: त्यांच्या रेल्वे इंजिनाची चाकं उलटी बसली, आता ते मागेच पळतं. जामुलच्या अमरदीपच्या जहाजाचं शीड त्याच्या बायकोने धूळ झटकताना उडवलं होतं.

"अन् पीयूषनं लिहिलं," तेजराम म्हणाला. "काडीच्या आत तांब्याची तार घाला. नुसत्या गोंदानं थांबणार नाही."

"वा! बापासंग बोलत नाही, गोंदासंग बोलते!" जया फणकारली आणि तिचा मोर्चा झाडू मारणाऱ्या कांताकडे वळला. "कांते, खरं सांग. तूच पाडलं ना?"

कांता आठ वर्षांपासून या घरची धुणीभांडी करत होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, मी त्या टेबलाले हातबी लावत नाही. साहेबच म्हणते, तिथचं मी पुसतो."

"मंग काय भुतानं तोडलं?"

"भुताले इचारा."

झालं! आठ वर्षांची माया त्या दोन शब्दांत जळून गेली. "उद्यापासून येऊ नको," जया ओरडली.

तेजराम खुर्चीतून अर्धवट उठला. "अवं, तिले कावून काढून राहिली? गरीब बाई आहे..."

"मंग तुमीच सांगा, कोण तोडते!"

तेजरामने हातातल्या चिमट्याकडे पाहिलं. "मले काय माईत," म्हणाला आणि परत बसला. कांताने झाडू भिंतीला टेकवला, एकदा साहेबाकडे पाहिलं आणि चपला घालून निघून गेली.

त्यानंतर विमान तुटलं नाही. जया रोज भांडी आपटत घासायची आणि आतूनच सुनवायची, "पाह्यलं? घरातला चोर गेला का नाही?" तेजरामने काडीत तार घातली, पंख बसवले, हिरवा रंग मारला. विमान खरोखरच देखणं झालं. फोटो ग्रुपवर गेला. भय्याजींनी हात जोडले, अमरदीपने 'एक नंबर' लिहिलं, बाकीच्यांनी अंगठे दाखवले. पीयूषचं काहीच आलं नाही. जेवताना तेजरामचा डावा हात मोबाइलवर होता.

"पाह्यलं असन त्यानं," तो म्हणाला.

"पाह्यलं तर लिवाले काय झालं? चांगलं म्हणाले तोंड झडते का त्याचं?" जयाला नवऱ्यापेक्षा आता पोराचाच जास्त राग आला. दोन महिने मान मोडून बापाने बनवलं, आणि याला एक शब्द जड!

दोन दिवसांनी ती नवी बाई शोधायला मागच्या गल्लीत गेली. तीन दारं फिरली, तिन्ही ठिकाणी एकच उत्तर. कांतावर आळ घेतला त्या घरी आम्ही येत नाही. एकीने तर तोंडावर दार लावलं. जया तणतणत परत आली. याला विमानाचं वेड आणि भांडी माझ्या नशिबी! आज त्या खेळण्याला माळ्यावरच टाकते, असं ठरवून तिने दार ढकललं. ते नुसतं लोटलेलं होतं.

तेजरामची तिच्याकडे पाठ होती. त्याने विमान दोन्ही हातांत उचललं, इकडून तिकडून पाहिलं. मग वरचा पंख चिमटीत धरून हळूच वाकवला. तार घातलेली काडी लवकर दाद देईना. त्याने अंगठा रेटला. कट् आवाज आला. विमान त्याने टेबलावर तिरपं ठेवलं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि मोबाइल दोन्ही हातांत धरून बसला. जयाच्या तोंडाशी शिव्यांचा लोंढा आला होता. तेवढ्यात मोबाइल वाजला. या वेळी मेसेज नव्हता, फोन होता.

"हां बेटा," तेजरामने लगेच फोन कानाला लावला. "पुन्हा तुटलं पाह्य. कोण तोडते, काही समजतच नाही."