सहावा तंबू

केजजवळच्या आमच्या सामाईक रानात शहरी पर्यटकांसाठी तंबू आणि आत झोपायची सोय असलेली मुक्कामाची गाडी लावायला माझी सही हवी, असं धाकट्या भावाचं, ज्ञानोबाचं पत्र आलं होतं. मी उत्तर दिलं नाही. घरी फरशीचे संडास असलेली माणसं हौसेनं टमरेल घेऊन रानात बसणार, याची मला किळस आली. कदाचित माणसांची भीतीच असेल.

वेळ अमावस्येला भरदुपारी तिथं गेलो. माझ्या सहीची वाट न बघता ज्ञानोबानं सहा तंबू उभे केलेच होते. सगळे पाहुणे पंगतीत गलका करत होते. सहाव्या तंबूच्या कापडावर मात्र एक वाकलेली सावली पुस्तकाचं पान उलटत होती.

"आत कोण आहे?"

"कुणी न्हाई. पुस्तकी किडा आमच्यात तुमीच, अण्णा!" ज्ञानोबा हसला.

या सणाला रानातल्या प्रत्येकाला जेवायला बोलवायची रीत. त्यानं चेष्टेनं तंबूकडं तोंड करून हाक मारली, "अण्णा, चला जेवायला!"

सावलीनं पुस्तक मिटलं. तंबूची चेन आतून उघडू लागली. मी उपाशीच पळालो.

आठवड्यानं ज्ञानोबाचा फोन आला. "त्या दिवशी पोटभर जेवलात, सहीबी केलीत. लई बरं वाटलं, अण्णा."

मी फोन ठेवला. "ती सही माझी नाही," एवढंच लिहिलं आणि खाली सही न करताच पत्र टपालपेटीत टाकलं.