फ्रिजवरचा कागद

जंगलात एकटीने जायचं म्हणून मुलीने सॅक भरली, तर आईने ती जमिनीवर उपडी केली आणि एकेक वस्तू तपासून पुन्हा आत ठेवली. टॉर्च, जादा सेल, शिट्टी, दोर, मलमपट्टी, पाणी.

"आई, सगळं घेतलंय गं!"

"तुझ्या बाबांच्या सॅकमध्येही सगळं होतं. अकराव्या दिवशी सापडले, तेव्हा टॉर्चचे सेल तेवढे संपले होते."

मुलीने विचारलं, "मग राहून काय गेलं होतं?"

आईने तिच्यापुढे कागद-पेन आपटलं. "कुठल्या वाटेने जाणार, कधी परतणार, ते लिही. फ्रिजवर लाव आणि मग जा खुशाल. शोधायला आलेल्यांनी मला विचारलं, 'कुठल्या बाजूला गेलेत?' मी त्यांना आपलं हे दार दाखवलं."